कोड नंबरची सरासरी

सकाळी साडेसहाला गावातल्या दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागते. दूध काट्यावर ओतलं जातं, त्यातलं थोडंसं मशीनच्या नळीखाली धरलं जातं आणि दोन बोटं रुंदीची पावती बाहेर येते. लोक ती खिशात कोंबतात, दहा दिवसांनी बिलाशी ताडून बघतात आणि चुलीत घालतात. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. चलांचे (व्हेरिएबल्सचे) प्रकार शिकवायचा दिवस आला की पुस्तक मिटून ठेवतो आणि अशाच तीन पावत्या फळ्यावर उतरवतो. (आकडे समजावण्यापुरते बनवलेले आहेत, पावतीची मांडणी मात्र साधारण अशीच असते. कोड म्हणजे सभासदाचा क्रमांक, फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश टक्क्यांत, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ, तेही टक्क्यांत.)

कोड ११७ – सकाळ – गाय – ६.४ लिटर – फॅट ३.८ – एसएनएफ ८.५ – दर ३३.४० – रक्कम २१३.७६
कोड ४२ – सकाळ – म्हैस – ३.१ लिटर – फॅट ६.७ – एसएनएफ ९.१ – दर ५०.२० – रक्कम १५५.६२
कोड २०८ – सकाळ – गाय – ११.० लिटर – फॅट ३.४ – एसएनएफ ८.३ – दर ३१.०० – रक्कम ३४१.००

मग म्हणतो, यातून जे काढता येईल ते काढा. पाच मिनिटांत कोणीतरी लॅपटॉपवर सगळे रकाने निवडून सरासरी काढतं आणि इतर उत्तरांबरोबर हेही उत्तर येतं: सरासरी कोड १२२.३३. दरवर्षी येतं. कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही. त्याला अंक दिसले, त्याने बेरीज केली, तिनाने भागलं. वर्ग हसतो. पण का हसलात असं विचारलं की शांतता. कोडची सरासरी काढायची नसते हे सगळ्यांना माहीत असतं, का काढायची नसते हे मात्र नेमकं सांगता येत नाही. हा लेख त्या 'का'साठी.

आधी ओळ, मग रकाना

पुस्तकं थेट प्रकारांपासून सुरुवात करतात: गुणात्मक, संख्यात्मक, खंडित, अखंडित. मला तो क्रम उलटा वाटतो. रकान्याकडे जाण्याआधी ओळीपाशी थांबावं आणि विचारावं, ही एक ओळ म्हणजे कोण?

'एक शेतकरी,' असं पहिलं उत्तर येतं. थोडा विचार केलेला एखादा म्हणतो, 'एक जनावर.' दोन्ही चूक. घरी गाय आणि म्हैस दोन्ही असतील तर दूध वेगवेगळं घातलं जातं आणि पावत्या दोन निघतात. तोच माणूस संध्याकाळी पुन्हा येतो. उलट चार गाईंचं दूध एकाच किटलीत येतं आणि पावती एकच निघते. म्हणजे एक ओळ = एका सभासदाने, एका वेळेला घातलेलं, एका प्रकारचं दूध. वर्णन लांबलचक आहे, पण ओळ खरोखर तेवढीच आहे. तिला निरीक्षणाचं एकक म्हणतात.

एवढी काटेकोर चौकशी कशाला? तीन ओळींचं मिळून दूध २०.५ लिटर, तिनाने भागलं की ६.८३. आता 'सरासरी शेतकरी ६.८३ लिटर दूध घालतो' असं कोणी लिहिलं तर ते चूक, आणि 'सरासरी गाय ६.८३ लिटर देते' असं लिहिलं तर त्याहून चूक. ६.८३ ही एका पावतीमागची सरासरी आहे. भागाकार बरोबर, वाक्य चुकीचं. पेपरात छापून येणाऱ्या कितीतरी आकड्यांची हीच गत असते, कारण भागाकार करणाऱ्याने ओळ कोणाची हे विचारलेलं नसतं.

फॅटच्या रकान्याचीही गंमत बघा. ३.८, ६.७ आणि ३.४ यांची सरळ सरासरी ४.६३. पण हे तिन्ही दूध एका टाकीत ओतलं तर त्या टाकीतल्या दुधाची फॅट ४.०२ येईल, कारण जास्त फॅटचं दूध तीनच लिटर आहे आणि कमी फॅटचं अकरा. ४.६३ ही पावत्यांची सरासरी, ४.०२ ही दुधाची. दोन्ही बरोबर आहेत. फक्त ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

ओळीगणिक ज्याची किंमत बदलू शकते ते चल. इथेही एक फसवा रकाना आहे. तीनही ओळींत 'सकाळ' आहे. मग या तक्त्यात वेळ हे चल आहे का? तेवढ्या तीन ओळींपुरतं नाही. ते सगळ्यांना लागू असलेलं मथळ्यातलं वाक्य आहे. संध्याकाळच्या पावत्या खाली जोडल्या की तोच रकाना चल होतो. आणि कामाचं चल होतो, कारण रात्रीचं अंतर मोठं असेल तर सकाळचं दूध जास्त आणि पातळ असतं, संध्याकाळचं कमी पण फॅटला चांगलं. केंद्राचं नावही असंच. एका गावाच्या पावत्यांवर ते निव्वळ छापलेलं नाव असतं. तालुक्यातल्या वीस गावांच्या पावत्या एकत्र केल्या की ते चल.

अंक दिसला म्हणजे संख्या नव्हे

आता प्रकार. मोठी फाळणी एकच आहे. काही चल 'कुठल्या गटातला' हे सांगतात, काही 'किती' हे सांगतात. पहिली गुणात्मक, दुसरी संख्यात्मक. गाय की म्हैस हे गुणात्मक. लिटर, फॅट, रक्कम ही संख्यात्मक. इथपर्यंत कोणी चुकत नाही. चूक होते ती अंकांच्या वेषातल्या नावांपाशी.

सातबारा म्हटलं की आपल्याला जमिनीचा उतारा आठवतो. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सात आणि बारा मिळून एकोणीस होतात, पण तलाठ्याकडे जाऊन 'एकोणीस द्या' असं कोणी म्हणत नाही. ते नमुन्यांचे क्रमांक आहेत, म्हणजे नावंच. गाडीच्या पाटीवरचं एमएच १२ पुण्याचं आणि एमएच ०९ कोल्हापूरचं. पुणं कोल्हापूरपेक्षा तिनाने जास्त असा त्याचा अर्थ नाही (पुणेकरांना तो लावायचा असेल तर गोष्ट वेगळी).

ओळखायला मी मुलांना एक साधी कसोटी देतो: वजाबाकी करून बघा. पुण्याचा पिन ४११००१, नाशिकचा ४२२००१. वजाबाकी ११,०००. अकरा हजार काय? किलोमीटर? पत्रं? काहीच नाही. उत्तराला एकक सापडत नसेल तर ती संख्या नाही, नाव आहे. ११.० लिटरमधून ६.४ लिटर वजा केले की ४.६ लिटर उरतात, ते बादलीत ओतून दाखवता येतात. कोड ११७ मधून ४२ वजा केले की ७५ उरतात, ते कुठे ओतणार?

पिनची मात्र एक बाजू सांगायला हवी. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या या पद्धतीमागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या सहा अंकांत माहिती भरलेली आहे: पहिला अंक विभाग सांगतो, पुढचे अंक जागा बारीक करत नेतात. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही ४ च्या विभागात. म्हणजे हे अंक निरर्थक नाहीत. त्यांचा अर्थ पत्त्याचा आहे, मापाचा नाही. अशा चलावर काय करता येतं? मोजणी. कुठल्या पिनवर किती पत्रं आली, सर्वांत जास्त कुठे. संख्याशास्त्रातला बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेली किंमत) तेवढा चालतो. मध्य (सरासरी) आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) चालत नाहीत.

याच्या उलट फसवणूकही असते: दिसायला नाव, पण आत क्रम. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची रेशनकार्डं आली. पिवळं, केशरी आणि पांढरं. रंग म्हटल्यावर मुलं बेधडक 'गट, क्रम नाही' असं लिहितात. पण हे रंग उत्पन्नावरून ठरलेले आहेत: इतर अटी सोडल्या तर ढोबळमानाने वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत पिवळं, त्यावर १ लाखापर्यंत केशरी, त्याहून वर पांढरं. म्हणजे त्यांना क्रम आहे. अशा चलाला क्रमदर्शक म्हणतात. शंभर घरांची कार्डं रंगाच्या क्रमाने लावून मधलं कार्ड कुठल्या रंगाचं हे विचारता येतं, म्हणजे मध्यक निघतो. सरासरी रंग निघत नाही. पिवळ्याला १, केशरीला २, पांढऱ्याला ३ दिले तरी पिवळं ते केशरी आणि केशरी ते पांढरं ही अंतरं सारखी नाहीत, ती १ आणि १ लिहिल्याने सारखी होत नाहीत.

आणि इथे आणखी एक गोष्ट नकळत घडून गेली आहे. उत्पन्न ही संख्या होती. तिचे तीन रंग झाले. १६,००० वालाही केशरी, ९९,००० वालाही केशरी. संख्येचा गट करणं सोपं; रंगावरून उत्पन्न परत काढता येत नाही. म्हणून सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'उत्पन्न गट' विचारायचा की थेट उत्पन्न, हे आधीच ठरवावं लागतं. (थेट विचारलं तर लोक खरं सांगतील का, हा निराळा आणि जास्त अवघड प्रश्न.)

ओळ बदलली की प्रकार बदलतो

मला या विषयात सर्वांत आवडणारं उदाहरण जनगणनेचं आहे. घरी येणाऱ्या प्रगणकाच्या फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात पुरुषासाठी १ आणि स्त्रीसाठी २ असा संकेतांक असतो. २०११ मध्ये 'इतर'साठी ३ होता. तिथे ओळ म्हणजे एक माणूस आणि चल शुद्ध गुणात्मक. १.४८ अशी सरासरी काढली तर काही बोध होत नाही.

आता तीच माहिती जिल्ह्यावार गोळा करा. ओळ म्हणजे एक जिल्हा. आता रकाना काय सांगतो? दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात ११२२, मुंबई शहर जिल्ह्यात ८३२, अख्ख्या महाराष्ट्रात ९२९. ही अस्सल संख्या आहे. वजाबाकी करा, क्रम लावा, आलेख काढा, सगळं चालतं. माहिती तीच, माणसं तीच, फक्त ओळ माणसाची होती ती जिल्ह्याची झाली आणि गुणात्मक चल संख्यात्मक झालं. म्हणून 'लिंग हे कुठल्या प्रकारचं चल?' हा परीक्षेतला प्रश्न खरं तर अर्धवट आहे. कोणाच्या ओळीत, ते आधी सांगा.

या ११२२ वर जरा थांबू. निव्वळ आकडा बघणारा म्हणेल, रत्नागिरीत मुलींना जपतात, मुंबईत नाही. पण जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते. कोकणातला चाकरमानी मुंबईत मोजला जातो. त्याची आई आणि बायको गावच्या घरात मोजल्या जातात. रत्नागिरीचे ११२२ आणि मुंबईचे ८३२ ही बऱ्याच अंशी एकाच एसटीच्या प्रवासाची दोन टोकं आहेत. मुलींना जपतात का हे विचारायचं असेल तर शून्य ते सहा वयोगटाचा वेगळा आकडा काढावा लागतो, कारण सहा वर्षांची मुलगी नोकरीसाठी मुंबईला जात नाही.

मोजलेलं, मापलेलं आणि डिग्री

संख्यात्मक चलांत आणखी एक फाळणी आहे: खंडित आणि अखंडित. गोठ्यात गाई किती, हे एक-दोन-तीन असं मोजलं जातं; अडीच गाई नसतात. ते खंडित. दूध किती, हे मापलं जातं, ६.४ आणि ६.५ च्या मध्ये हवं तितकं बारीक दूध असू शकतं. ते अखंडित. काट्यावर एकच दशांश दिसतो म्हणून ते खंडित होत नाही. तो काट्याचा आळस, दुधाचा नाही. यावर परीक्षेत जितके गुण असतात तितकं महत्त्व खरं तर या भेदाला नाही.

वय मात्र बघण्यासारखं आहे. वय अखंडित, पण आपण ते पूर्ण वर्षांत सांगतो. आणि गावाकडे आजोबांना वय विचारलं तर 'असेल साठीचं' असं उत्तर येतं. म्हणून जनगणनेच्या वयाच्या तक्त्यात ४०, ४५, ५०, ६० या वयांपाशी उंचवटे दिसतात आणि ४१, ४९ पाशी खड्डे. पन्नास वर्षांपूर्वी एकाच साली भरमसाट मुलं जन्मली असं कोणी समजू नये. तो उंचवटा लोकसंख्येचा नाही, तोंडी उत्तराचा आहे.

आता पावतीवर न छापलेलं एक चल. मशीन येण्याआधी दुधात लॅक्टोमीटर (दुधाचा दाटपणा दाखवणारी तरंगती नळी) सोडायचे आणि 'डिग्री' बघायचे. काही ठिकाणी अजून बघतात. डिग्री २८ म्हणजे काय? ज्या भांड्यात १००० ग्रॅम पाणी मावतं, त्याच भांड्यात या दुधाचे १०२८ ग्रॅम मावतात. हजाराच्या वरचे २८ तेवढे वाचायचे. म्हणजे डिग्री शून्य असली तर दुधाला वजनच नाही असं नव्हे, ते पाण्याइतकं आहे एवढंच. हा शून्य आपण सोयीसाठी ठेवलेला आहे. म्हणून २८ ते २६ आणि ३० ते २८ ही घसरण सारखी, असं म्हणता येतं, पण 'डिग्री २८ चं दूध डिग्री १४ च्या दुप्पट दाट' असं म्हणता येत नाही. दाटपणा १०२८ आणि १०१४. दुप्पट कुठे आहे? सेल्सिअसच्या तापमानाचंही असंच: ४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट गरम नव्हे. फॅटचं तसं नाही. फॅट शून्य म्हणजे खरोखर स्निग्धांश नाही, म्हणून ६.८ ही ३.४ च्या दुप्पट, हे वाक्य बरोबर.

नाव (पिन), क्रम (रेशनकार्डाचा रंग), अंतर (डिग्री), गुणोत्तर (फॅट) ही चार पायऱ्यांची मांडणी हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये केली. संख्याशास्त्रज्ञांनी तिच्यावर पुष्कळ वाद घातला आहे, आणि ते बरोबरही आहे, कारण व्यवहारात या पायऱ्यांच्या मधली माणसं भेटतात. ॲपवर दिलेले पाच तारे घ्या. तारे हा क्रम आहे, पण सगळं जग त्यांची सरासरी काढतं आणि ४.२ वाचून जेवण मागवतं. तीन आणि चार ताऱ्यांमधलं अंतर चार आणि पाचमधल्या अंतराइतकंच, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. गृहीत धरायला हरकत नाही, पण आपण धरलं आहे हे माहीत असावं.

लॅक्टोमीटरने आणखी एक शिकवलं आहे. पाणी घातलं की डिग्री उतरते. पण साय काढून घेतली की डिग्री चढते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका. म्हणजे साय काढून बेताने पाणी घातलं तर लॅक्टोमीटरला सगळं आलबेल दिसतं. चोराला दोन चलं माहीत होती आणि डेअरीकडे एकच होतं. फॅटचा रकाना सुरू झाल्यावर ती वाट बंद झाली.

टिंब म्हणजे दशांश चिन्ह असेलच असं नाही

हे छोटंसं, पण कोणत्याच पुस्तकात ठळक छापलेलं मला दिसलं नाही म्हणून सांगतो. जुन्या कागदावर '२.२०' एकर असं लिहिलेलं असेल तर ते बहुधा दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे जमीन अडीच एकर. ते टिंब दशांश चिन्ह समजून २.२० असंच कॉम्प्युटरमध्ये भरलं तर बारा गुंठे हवेत जातात. भावकीत तेवढ्यावरून कोर्टकचेऱ्या होतात.

क्रिकेटमध्येही तेच. १९.४ षटकं म्हणजे एकोणीस षटकं आणि चार चेंडू, ११८ चेंडू. १६० धावा झाल्या असतील तर धावगती ८.१४. टिंबाला दशांश समजणारा ८.२५ काढतो. दोन्ही ठिकाणी रकाना संख्यात्मकच आहे, प्रकार ओळखण्यात चूक नाही. संख्या लिहिली कशी आहे, हे मात्र विचारलं नाही.

सहा 'क'

कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. माहितीचा संदर्भ म्हणजे या सहा प्रश्नांची उत्तरं. कोण म्हणजे ओळ, काय म्हणजे रकाने आणि त्यांची एककं. त्या दोहोंबद्दल बोलून झालं. कधी आणि कुठे बहुतेक वेळा कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं. 'का' आणि 'कसं' मात्र क्वचितच लिहिलेलं असतं, आणि सगळी मेख तिथे असते.

पिकाच्या आणेवारीचंच घ्या. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पूर्ण पिकाला सोळा आणे पीक म्हणायचे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. जुना शब्द पेपरांत अजून चालतो. शंभर पैसे म्हणजे प्रमाण पीक, आणि गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली आली की ते गाव टंचाईग्रस्त धरायचं, सवलती मिळायच्या. आता 'गावाची पैसेवारी ४७ पैसे' हे वाचा. ओळ म्हणजे एक गाव. रकाना संख्यात्मक, शून्य खरा, दिसायला अगदी नीटस. मग पैसेवारीवरून दरवर्षी भांडणं का होतात?

कारण 'कसं' विचारा. पैसेवारीच्या तीन पायऱ्या असतात: नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. पहिलीच्या नावातच तिची पद्धत आहे. शेताकडे बघून ठरवलेला आकडा हा मुळात क्रम असतो: बरं, बेताचं, वाईट. त्याला ४७ असे कपडे घातले म्हणून तो काट्यावरच्या ६.४ लिटरच्या पंक्तीला बसत नाही. आणि 'का' विचारा. ४९ आणि ५१ यांच्यात पिकाचा फरक नगण्य, पण त्या दोघांच्या मध्ये सवलतीची रेघ. जिथे रेघ असते तिथे आकड्याला एका बाजूला ओढणारे हातही असतात. २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाला दिसणारी हिरवाई असे निकष पुढे आणले ते म्हणूनच, पण त्यांच्याही रेघा आहेत आणि त्यांच्यावरही भांडणं होतात.

नजरेच्या जागी माप आणायच्या कामात एक मराठी माणूस आघाडीवर होता. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. १९४० च्या दशकात त्यांनी पीक कापणी प्रयोगांवर काम केलं: गावं, शेतं आणि शेतातला तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. यात वाद नसावा असं वाटेल. पण तुकडा केवढा घ्यायचा यावर सुखात्मे आणि दुसरे नामवंत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात जाहीर मतभेद झाले. महालनोबिस अगदी लहान तुकडे घेत. त्यात खर्च कमी. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यातून उत्पादन जास्त दिसतं. कारण भूमितीचं आणि माणसाचंही आहे. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने काठ जास्त. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि भरलेलं कणीस बाहेर टाकायला हात धजत नाही. तराजू खरा, धान्य खरं, आकडा किलोग्रॅममध्ये, आणि तरीही फुगलेला. चलाचा प्रकार ओळखून हे कधीच कळलं नसतं. शेताच्या काठावर वाकलेल्या माणसाचा हात कुठे गेला, हे बघावं लागलं.

पावतीवरचा एसएनएफ बघताना मला हे आठवतं. फॅट सोडून दुधात जे घनपदार्थ असतात ते एसएनएफ. कित्येक ठिकाणी तो वेगळा मापलेला नसतोच; डिग्री आणि फॅट सूत्रात घालून काढलेला असतो. मग फॅटमध्ये चूक झाली तर ती एसएनएफमध्येही उतरते, आणि दर दोन्हीवरून ठरतो. दिसायला रकाने तीन, पण ते तीन स्वतंत्र साक्षीदार नाहीत.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंची फॅट ३.८ वरून एकदम ३.१ लागली. त्यांच्या मुलाने पावतीचा फोटो काढून मला पाठवला: मशीन बिघडलं असेल का, की खुराक बदलल्याने झालं असेल, आठवड्याचे आकडे देऊ का? मी आकडे मागवले, सकाळ-संध्याकाळ वेगळं केलं, गाय बदलली नाही ना विचारलं. मग काकूच फोनवर आल्या.

"अरे, निम्मी धार झाली न् वासरू सुटून कासेला लागलं. पुढची सगळी धार त्यानं ओढली. फॅट लागंल कुठनं?"

बरोबर होतं. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, स्निग्धांश शेवटच्या धारेत जास्त येतो. डेअरीत गेलं ते पहिलं निम्मं, वासराच्या पोटात गेलं ते दुसरं. पावतीवर वासराचा रकाना नाही.

"उद्या बघ," काकू म्हणाल्या, "चढंल परत."